सगळ्यांचा ओटा

करवंदं आली की हल्ली माझं डोकं फिरतं. पूर्वी तोंडाला पाणी सुटायचं, आता राग येतो. परवा सकाळी खिडकीतून वास आला. खालून कुणीतरी पाटी घेऊन गेलं असणार. मी मशीनवरून उठून बघेपर्यंत रस्ता रिकामा. आणि पहिल्या मजल्यावरून रस्ता बघायचा म्हणजे बघणार तरी काय, माणसांची टाळकी आणि गाड्यांची टपं. परत येऊन बसलो, सुईत दोरा ओवायला गेलो, तीनदा चुकला, तेव्हा रीळच भिरकावलं. चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "बीपीची गोळी घेतली का?" म्हटलं, घेतली, पण हे दुखणं गोळीचं नाही.

मी जुन्नरच्या पेठेतला टेलर. बाप टेलर होता, मीही टेलर. वैशाखाचं ऊन तापायला लागलं की आमच्या दुकानात दोन गोष्टी एकदमच यायच्या, आत गणवेशाच्या कापडाचे तागे आणि बाहेर ओट्यावर करवंदांच्या पाट्या. शाळा सुरू व्हायच्या आत शंभर पोरांच्या चड्ड्या आणि फ्रॉक व्हायला पाहिजेत म्हणून मी मान वर करत नसे. पण मान वर न करताही सगळं कळायचं. कोपऱ्यावर जीप थांबली, पहिली पाटी उतरली, कुणाचं कुणाशी वाजलं, लेण्याद्रीला निघालेल्या बसमधल्या बायका खाली उतरून पाणी मागतायत. पायाखाली मशीनचा पट्टा फिरतोय, नाकात नव्या कापडाच्या खळीचा वास, त्यात करवंदांचा आंबटगोड वास मिसळलेला. माझ्यासाठी मे महिना म्हणजे तो वास. बाकीच्यांना सुट्टी आठवत असेल, मला ती कधी नव्हतीच.

ओटा काही फार मोठा नव्हता. दोन हात रुंद, दुकानाच्या रुंदीइतका लांब, घडीव काळ्या दगडाचा. सकाळी दहापर्यंत त्यावर सावली. मुलांची मापं मी तिथंच घ्यायचो. पोरगं ओट्यावर उभं केलं की त्याचा गुडघा बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायचा, वाकायला लागायचं नाही. आई खालून सांगायची, "दोन बोटं वाढती ठेवा टेलरभाऊ, पुढल्या साली पन आली पायजे." बाळंतपणाला माहेरी निघालेली बाई जीप येईपर्यंत तिथं टेकायची. कुणी चपलेचा तुटलेला अंगठा बांधत बसायचं, कुणी दवाखान्यातून आल्यावर घरी काय सांगायचं याचा विचार करत बसायचं. मी कित्येक माणसांना तिथं बसून रडताना पाहिलंय आणि मशीन चालू ठेवलंय. त्यांना तेवढंच हवं असायचं.

हा ओटा माझ्या बापानं बांधला. त्यामागं एक गोष्ट आहे आणि ती आमच्या घरात कधी रडून सांगितली गेली नाही, म्हणून मीही तशी सांगणार नाही. दीक्षेच्या आधीचा काळ. माझा बाप तेव्हा पोरगा होता. आजोबांबरोबर पेठेत कापड आणायला जायचा, तेव्हा व्यापाऱ्याच्या ओट्याला हात लावायची सोय नव्हती. खाली उन्हात उभं राहायचं, वरून कापड टाकलं की झेलायचं. झेलताना कापड खाली पडलं तर वर शिव्या. पुढं आम्ही बौद्ध झालो, बाप शिवण शिकला, रात्रंदिवस मशीन मारून त्यानं पेठेत चार भिंतींची जागा घेतली. ती पण पडीक, दारंखिडक्या नसलेली. गवंड्याला त्यानं सांगितलं, आधी ओटा बांध. गवंडी हसला, म्हणाला, टेलरदादा, दार नाही आणि ओटा कशाला? बाप म्हणाला, "दार आपल्याला लागतं. वटा लोकान्ला लागतो." आणि मग त्यानं आम्हाला एकच नियम घालून दिला. ओट्यावर बसलेल्या माणसाला 'कुणाचा तू' असं विचारायचं नाही. हिशेब चुकला तर तो कानाखाली मारत नसे, पण हे विचारलं असतं तर मारली असती.

त्या ओट्यावर दर वैशाखात हौसाबाई बसायची. डिंगोऱ्याच्या पुढं, डोंगराच्या कुशीत तिची वाडी. पहिल्या जीपनं यायची. तिची पाटी पळसाच्या पानांनी मढवलेली, वर ओलं फडकं, हातांवर काट्यांचे ओरखडे आणि करवंदांच्या चिकाचे काळे डाग. दुकानाच्या चौकटीला एक खिळा होता, त्याला ती भाकरीचं गाठोडं अडकवायची. तो खिळा बापानं कशासाठी मारला होता देव जाणे, मला आठवतं तेव्हापासून तो तिचाच. मग पानाचा द्रोण करायची, त्यात शीग लावून करवंदं भरायची आणि तो पहिला द्रोण माझ्या मशीनच्या फळीवर ठेवायची. भवानी आमच्या दुकानाची. बाप होता तोवर बापानं केली, मग मी केली. पैसे कपाळाला लावून ती कमरेला खोचायची आणि मगच पहिली हाळी द्यायची. गिऱ्हाईक नसलं की माझ्याकडून फ्रॉक मागून घ्यायची आणि हूक लावून द्यायची. पैसे घेत नसे. म्हणायची, "हात मोकळा ऱ्हायला की बोलणं लई व्हतं. आन बोलणं लई झालं की भांडाण व्हतं." ती असली की माझी निम्मी मापं तिच्या देखरेखीखाली व्हायची. पोरगं हललं की ती दटावायची, आणि पोरगं माझं ऐकत नसलं तरी तिचं ऐकायचं.

आता मुद्द्यावर येतो. राग आला की मी आडवळणानं बोलतो, बायको म्हणते.

आम्हा चौघा शेजाऱ्यांची चार दुकानं एका ओळीत, वर माड्या. छप्पर गळायचं, जिना उभा, बायकोचे गुडघे गेलेले. बिल्डर आला तेव्हा आम्ही चौघंही तयार झालो. मी पण. कुणी माझ्या डोक्याला पिस्तूल लावलं नव्हतं. लिफ्टचा मोह मलाही पडला, हे आधी कबूल करतो. बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत इमारतीचं मॉडेल होतं. सात मजले, हिरवी स्पंजाची झाडं, खाली मोटारी, आणि फुटपाथवर नखाएवढी प्लास्टिकची माणसं. भिंतीवर लिहिलेलं, 'डाउनटाउन लिव्हिंग, आता जुन्नरमध्ये'. मी विचारलं, डाउनटाउन म्हणजे काय हो? तिथला मॅनेजर, पुण्याचा, गोड बोलणारा पोरगा, म्हणाला, "काका, म्हणजे शहराचा मधला भाग. जिथं सगळी वर्दळ असते तिथं राहायचं." म्हटलं, अरे, मी तर जन्मापासून तिथंच राहतोय. तो हसला, मीही हसलो. आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. त्या मॉडेलमधली सगळी माणसं चालत होती, एकही बसलेलं नव्हतं. हे मी तेव्हाही पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नाही.

मग मोजणी झाली. टेप लावून एक माणूस आकडे सांगतोय, तो मॅनेजर लिहितोय, आम्ही चौघं मागं मागं. माझ्या दुकानासमोर आल्यावर मॅनेजरनं विचारलं, "काका, हा ओटा तुमच्या मालकीचा ना? तसं असेल तर तुमच्या क्षेत्रात धरतो." बघा, त्यानं विचारलं होतं. फसवलं नाही त्यानं. आणि मी काय बोललो? छाती काढून बोललो. म्हटलं, "ओटा कुणाच्या मालकीचा नसतो. माझ्या बापानं सगळ्यांसाठी बांधलाय. लिहा, सगळ्यांचा." बाकीचे तिघं माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी आपापले ओटे गुपचूप आपल्या नावावर लावून घेतले होते. मॅनेजरनं मान डोलावली आणि लिहिलं, 'ओटा, सार्वजनिक'. मी चष्मा लावून ते वाचलं. मला बरं वाटलं. बापाचं नाव निघाल्यासारखं वाटलं. आणि त्याखाली मी सही केली.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बाकीच्या तिघांना ओट्यापुरती जागा आत वाढवून मिळाली. माझा ओटा सार्वजनिक, म्हणजे रस्त्यात, म्हणजे अतिक्रमण. रस्त्यातलं अतिक्रमण काढायला कुणाची परवानगी लागत नाही आणि ते काढल्याबद्दल कुणी रडत नाही. जेसीबीचा पहिला दात माझ्या दुकानाला लागला नाही, ओट्याला लागला. दुकान नंतर, दोन दिवसांनी पडलं. दगड इतके घट्ट बसवलेले की ड्रायव्हर वैतागला. मला म्हणाला, "लई पक्कं काम हाये राव, कुनी केलं व्हतं?" मी सांगितलं नाही. काय सांगणार, ज्यानं केलं त्याच्या पोरानंच लिहून दिलंय म्हणून?

इमारत उभी राहिली. नाव इंग्रजी आहे आणि आमच्या पोस्टमनलाही त्याचा उच्चार जमत नाही, तेव्हा इथं लिहीत नाही. तळमजल्यावर नुसते खांब आणि मोटारी. माझं दुकान पहिल्या मजल्यावर, मागच्या अंगाला, खिडकी मागच्या रस्त्यावर. आधी एक बाई येऊन तीन बायकांना सांगायची, त्या तीन येऊन माझं दुकान बघायच्या, आता जिन्याखाली पाटी लावलीय तरी लोक वर बघत बघत पुढं जातात. अर्धे फ्लॅट पुण्या-मुंबईच्या लोकांनी घेतलेत. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा येतात, गॅलरीत उभे राहून शिवनेरीचा फोटो काढतात, सोमवारी कुलूप. बाकीचे इथंच राहतात, पण खाली उतरतात ते गाडीत बसायला. भाजी फोनवरून येते, दूध पिशवीतून दाराच्या कडीला लटकतं. आणि मीटिंगमध्ये हेच लोक म्हणतात, जुन्नरला पूर्वीसारखी मजा राहिली नाही, पेठ मेली. अरे, पेठ मेली म्हणताय, तिला मारलं कोणी? वर्दळीच्या मधोमध राहायचं म्हणून घरं घेतली आणि वर्दळ दारात नको. लग्न पाहिजे पण वऱ्हाड नको, अशातली गत.

गेल्या दिवाळीत सोसायटीनं दर्शनी बाजूला चकचकीत दगडाचा उतार केला. उताराच्या कडेला सिमेंटच्या कुंड्या, त्यात काटेरी झाडं. मी विचारलं, फुलझाडं का नाही? सेक्रेटरी म्हणाले, "त्यांच्याजवळ लोक येऊन बसतात हो." इतकं सरळ. पोटात काही ठेवलं नाही माणसानं. मग गेटवर बोर्ड लागला, फेरीवाल्यांना सक्त मनाई. मी मीटिंगमध्ये उभा राहिलो. म्हटलं, बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या बाया येतात, त्यांना सकाळपुरतं टेकू द्या, जागा आहे. सगळे समजूतदारपणे ऐकून घेत होते. तीच तर चीड येते. कुणी भांडलं असतं तर मी भांडलो असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "काका, तुमच्या भावना कळतात. पण एकीला बसू दिलं तर दहा बसतील." मी म्हटलं, बसतील की. बाजार आहे, दहाच काय पन्नास बसतील. त्यावर सगळे हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. ठराव मंजूर झाला, रजिस्टरवर सगळ्यांच्या सह्या, फक्त मी केली नाही. सही न केल्यानं कुठला ठराव अडतो? पण मला वाटत होतं, या खेपेला तरी हात आखडता घेतला.

यंदा हौसाबाई आली. मधली दोन वर्षं बांधकाम चालू होतं, तेव्हा ती रस्त्याच्या पलीकडं, गटाराच्या कडेला बसायची. यंदा तिनं बघितलं की इमारत झालीय, रंग लागलाय, पत्रे निघालेत. म्हणजे आपली जागा मोकळी झाली, असं तिला वाटलं. ती सरळ येऊन त्या चकचकीत उतारावर बसली. उतारच तो, पाटी घसरायला लागली. तिनं पाटीखाली दगड लावला. वॉचमन आला. तो बोरी बुद्रुकचा, भला माणूस, पण नोकरी आहे. म्हणाला, "मावशे, हितं न्हाई बसायचं." ती म्हणाली, "आरं, माजी जागा हाये ही, टेलरला इचार." त्यानं तिला बोर्ड दाखवला. तिला वाचता येत नाही. ती उठली, कुंड्यांपाशी गेली. तिथून उठवलं. पलीकडच्या मोबाईलच्या दुकानासमोर गेली, तिथून उठवलं. दुधाच्या डेअरीपाशी गेली, तिथं मोटारसायकली लागलेल्या. हे सगळं मला नंतर वॉचमननं सांगितलं. मी त्या वेळी वर मशीनवर निळ्या चड्ड्यांना नेफा मारत होतो. पूर्वी मान वर न करता सगळं कळायचं म्हणालो ना, आता पंधरा पावलांवर काय चाललंय ते कळत नाही.

साडेअकराला ती पाटी डोक्यावर घेऊन जिना चढून वर आली. लिफ्टला हात लावला नाही. दारात उभी राहिली, घामानं निथळलेली, आणि सगळ्या दुकानावरून एकदा नजर फिरवली. ट्यूबलाईट, फरशी, उन्हासाठी लावून घेतलेली खिडकी. मी उठलो, स्टूल दिलं, पाणी दिलं. ती बसली नाही. पाटीत अजून शीग तशीच होती. इतकं ऊन झालेलं आणि भवानी झालेली नव्हती.

मी म्हटलं, "मावशी, चल खाली. माझी पार्किंगची जागा आहे. माझ्या नावावर आहे, लेखी. मला गाडी नाही. तिथं बस, बघतो कोण उठवतो ते." खरं सांगतो, मला त्या क्षणी फार मर्दानगी वाटली. आम्ही खाली गेलो. खांबांमागं पिवळ्या रंगानं चौकोन आखलाय, त्यात आकडा. दोन्ही बाजूंना मोटारी. अंधारच तो, दुपारीसुद्धा. ती त्या चौकोनाच्या कडेला उभी राहिली, आत पाय टाकला नाही. म्हणाली, "हितं बसून मी इकू कुनाला भाऊ? मोटारींना?" वॉचमन हसला. मला हसू आलं नाही.

मग माझा तोल गेला. मी तिथंच उभा राहून सगळ्यांना शिव्या घातल्या. बिल्डरला, सोसायटीला, नगरपालिकेला, पुण्याच्या लोकांना, त्या गोड बोलणाऱ्या पोराला. माझा आवाज त्या खांबांत घुमत होता. वॉचमन म्हणाला, काका, हळू. मी म्हटलं, का हळू? माझ्या बापाचा ओटा होता तो. मावशी, तुला माहीत आहे का, त्यांनी मला विचारलं होतं, ओटा तुमच्या नावावर लावू का म्हणून. मी म्हटलं नाही. म्हटलं, सगळ्यांचा आहे, तसंच लिहा. आणि त्याच शब्दावर त्यांनी तो फोडला. चांगुलपणा केला त्याचं हे फळ. मी एकटा खरं बोललो आणि मीच नागवला गेलो. हे मी गेली तीन वर्षं येईल त्याला सांगतोय आणि ऐकणारा दरवेळी च्यक् च्यक् करतो, कलियुग आहे म्हणतो. मला त्याची सवय झालेली.

हौसाबाईनं च्यक् केलं नाही. तिनं पाटी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं.

"सगळ्यांचा व्हता म्हनून लिव्हलं?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग सही तू येकट्यानंच कशी केली?"

मला वाटलं ती टोमणा मारतेय. टोमणा असता तर मी उलट बोललो असतो, माझं तोंड तयारच होतं. पण तिला लिहिता-वाचता येत नाही, कागदावर काय चालतं काय चालत नाही ते ठाऊक नाही, तिला हे खरंच कळलं नव्हतं. ती तिथं दोन मोटारींच्या मधे उभी राहिली, माझ्या तोंडाकडं बघत, मी काय सांगतो ते ऐकायला.